जीपमध्ये नसलेली साखळी

१

बहिणीची मांडी मोडली आणि खापर फुटलं भावाच्या डोक्यावर. मला बोलावलं तेव्हा निकाल लागून गेला होता. त्याखाली फक्त माझी सही हवी होती.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. अपघातातल्या गाड्या बघायच्या, माणसांना बोलतं करायचं आणि नेमकं काय मोडलं ते कंपनीला लिहून द्यायचं, हे माझं काम. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. घरी मात्र मी तो फुकट घेते, असं माझी सून म्हणते.

जीप भावाच्याच शेडमध्ये आणून ठेवली होती. डोंगरातल्या कच्च्या वाटा तुडवायला ठेवलेली जुनी गाडी, मालक बहीण आणि तिचा नवरा. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन थकलं, तेव्हा भावाने ते काढून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं होतं. हे काम दोन तऱ्हांनी होतं. एक तर कारखान्यातून तयार किट आणायचं, म्हणजे पट्ट्या, बोल्ट, वायरी असं सगळं पेटीत मोजूनमापून मिळतं. नाहीतर लोखंड कापून, वेल्डिंग करून सगळं स्वतः घडवायचं. भावाने स्वतः घडवलं होतं.

इंजिन ज्या लोखंडी आधारावर बसतं त्याला गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. जीप उजव्या अंगावर आपटली होती, त्यामुळे त्या बाजूचा पार चेंदामेंदा झाला होता. डावीकडे मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं. घरी घडवलेलं फाउंडेशन मधोमध तुटलं होतं. अर्धा तुकडा इंजिनाला, अर्धा चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला. आधार गेल्यावर इंजिन एका बाजूला उचललं गेलं, त्याबरोबर अॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली, आणि पाय न लावता जीप सुसाट सुटून कड्यावरून खाली गेली.

"माझंच काम," भाऊ म्हणाला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. फडक्याला हात पुसत होता, आणि ते हात स्वच्छ झाल्यावरही पुसतच होता. "माझंच वेल्डिंग कच्चं निघालं. लिहा आणि मोकळ्या व्हा."

अहवालात तसं आलं तर या वर्कशॉपला कुलूप लागणार होतं. बहिणीने तर त्याला उंबरठाही चढू द्यायचा नाही असं हॉस्पिटलातच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. दोघांचे आईवडील नाहीत, तिला यानेच वाढवलेली.

इतक्या वर्षांत मी शेकडो माणसांना काखा वर करताना पाहिलंय. कुणी रस्त्यावर ढकलतं, कुणी ब्रेकवर, एकाने तर गाईवर ढकललं होतं. न विचारता गुन्हा कबूल करणारा हा पहिलाच. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

२

शहराच्या दुसऱ्या टोकाला किटवाल्याचं दुकान होतं. फरशी इतकी चकचकीत की मी चपला काढू की नको या विचारात पडले. मागच्या भिंतीवर किटच्या लाल पेट्या ओळीने मांडल्या होत्या.

"मी आधीपासून सांगतोय," किटवाला खुर्ची फिरवत म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, खिशात जाडी मोजायचा मायक्रोमीटर, तोही बहुधा शोभेला. "घरचं काम म्हणजे अंदाज. किटमध्ये काय असतं? इंजिन कुठे बसणार ते ठरलेलं, बोल्ट किती जाडीचा ते ठरलेलं, किती घट्ट आवळायचा तेही ठरलेलं. दहा गाड्यांवर तपासून मग विकायला येतं. त्याची गाडी हीच त्याची तपासणी. आता झाली तपासणी."

"आणि किटमध्ये दोष नाहीतच?"

"आहेत ना. महाग आहे. आणि डोंगरात काही तुटलं तर तुम्हाला ते दुरुस्त करता येत नाही, कारण तुम्ही ते बनवलेलंच नसतं. घरचं काम करणारा निदान कुठे हात घालायचा ते जाणतो. मी खोटं कशाला बोलू?"

माणूस वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला, आणि म्हणून मी जास्त सावध झाले.

"भावाच्या कामाला लोक नावं ठेवतात का?"

तो हसला. "नावं? एकच नाव, साखळीदादा! इंजिन बसवलं की हा त्याला साखळीने चासीला बांधून ठेवतो. फाउंडेशन तुटलं तरी इंजिन उचललं जाऊ नये म्हणून. कुणाचीही गाडी असू दे. आम्ही म्हणतो, बाबा रे, इंजिन आहे, कुत्रं नाही."

मी हसले नाही. मघाशी पाहिलेल्या जीपमध्ये साखळी नव्हती.

उठता उठता माझी नजर मागच्या भिंतीवर गेली. पेट्यांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. फळीवर सगळीकडे बारीक धूळ, आणि त्या जागी पेटीएवढा स्वच्छ चौकोन.

"ही पेटी कुणी नेली?"

"ती... प्रदर्शनाला पाठवलीय," तो म्हणाला. त्याची खुर्ची फिरायची थांबली. "आम्ही बसवून दिल्याशिवाय किट विकतच नाही. कारखान्याचा नियम आहे तसा. मोडला तर एजन्सी जाते."

मी काही विचारलंच नव्हतं की विकलं का म्हणून.

३

बहिणीच्या घरी नवऱ्याने दार उघडलं ते कोपराने. त्याची दोन्ही मनगटं बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होती. अपघाताच्या वेळी स्टिअरिंगचा तडाखा बसला होता, हॉस्पिटलातून प्लास्टर घालूनच बाहेर आला.

"या मॅडम. चहा विचारला असता, पण आमच्या घरात सध्या कप धरणारं कुणी नाही," आतून बहिणीचा आवाज आला.

ती पलंगावर आडवी होती. पायात लोखंडी पट्ट्या, उठून बसायला छताच्या हुकाला टांगलेला एक तयार पट्टा. मला बघून तिने तो धरला आणि स्वतःला वर ओढलं. पट्टा बक्कलातून सर्रकन सरकला आणि ती परत उशीवर आदळली. नवरा धावला, पण प्लास्टरच्या हातांनी काय करणार? तिनेच कोपरांवर जोर देऊन अंग वर घेतलं.

"तीन वेळा बदलून आणला," ती धापा टाकत म्हणाली. "दुकानातलाच आहे, चांगल्यातला. माझ्या वजनाला घाबरतो बहुतेक."

तिचा धंदा चामड्याच्या पिशव्या शिवण्याचा. खोलीभर कातडी, दाभण, मेणाचा दोरा. तिला बोलतं करायला मी शिवणकामाचीच चौकशी केली.

"जीपमध्येही माझं काम आहे की. गिअरच्या दांड्याला चामड्याचा झगा शिवला होता मी. खालच्या भोकाचं माप स्वतः घेऊन. दादा म्हणाला होता, इंजिन मी बसवतो, पण ते बसलंय असं तुझ्यामुळे वाटतंय." बोलता बोलता तिचा चेहरा कडू झाला. "असो. फाटला म्हणे तो. यानेच सांगितलं. आता रबराचा लावलाय."

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"भावाशी बोलणं झालं?" मी विचारलं.

"कशाला? लहानपणी सायकल शिकवताना त्याने एकदाही मला पडू दिलं नव्हतं. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि आता बघा." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "चुकला असता तर माफ केलं असतं मॅडम. पण साखळीसुद्धा घातली नाही, हॉस्पिटलात तोच म्हणाला. परक्या गाडीला घालतो, आणि सख्ख्या बहिणीच्या गाडीला विसरला?"

मी नवऱ्याकडे वळले. "अपघाताआधी जीपला काही नवीन काम केलं होतं का?"

"नाही. काही नाही." उत्तर फार लवकर आलं. "म्हणजे, धुवून घेतली होती."

"तुमच्या जीपवाल्यांच्या क्लबातले लोक काय म्हणतात जीपबद्दल?"

तो कसनुसं हसला. "काय म्हणणार? सासरच्या वेल्डिंगवर चालणारी गाडी म्हणतात. चिडवतात. चालायचंच."

चालायचंच, असं तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

४

मी थेट शेडमध्ये परतले. भाऊ कुठेतरी सामान आणायला गेला होता, आणि मला तेच हवं होतं.

आधी तुटलेलं फाउंडेशन. त्याच्या इंजिनाकडच्या तुकड्यावर एक कडी वेल्ड केलेली होती, साखळी अडकवण्यासाठी. कडीवरचा रंग आतल्या बाजूने घासून लोखंड चकाकत होतं. साखळी कधी घातलीच नव्हती, तर कडी घासली कशाने? म्हणजे साखळी होती, आणि बराच काळ होती. भाऊ सरळसरळ खोटं बोलला होता, आणि तेही स्वतःच्याच विरुद्ध.

मग मी ड्रायव्हरच्या जागी वाकले. गिअरच्या दांड्याचा रबरी झगा उचलला, खालची सतरंजी बाजूला केली. दांड्याचं भोक मागच्या बाजूला वाढवलेलं होतं, आणि पुढच्या मोकळ्या जागेवर पत्र्याचा तुकडा मारला होता. वेडावाकडा, कडा न घासता. दादाचं काम असं नसतं, हे या शेडमधला कुठलाही सांधा पाहिलेला माणूस सांगेल.

सीटखाली हात घातला. हाताला मऊ चामडं लागलं. घडी घालून ठेवलेला झगा, कुठेही फाटलेला नाही, टाकासुद्धा उसवलेला नाही.

आता सगळं बोलायला लागलं. इंजिन सरकवलं की त्याला जोडलेला गिअरबॉक्स सरकतो, आणि गिअरबॉक्स सरकला की दांडा सरकतो. दांडा चार बोटं मागे गेला होता, म्हणजे इंजिनही चार बोटं मागे गेलेलं. मी फाउंडेशनचे दोन तुकडे मनातल्या मनात जोडले आणि पट्टीने मोजले. घरचं फाउंडेशन इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. अख्खं असताना जे इंजिनापर्यंत पोचत नाही, ते इंजिनाच्या भाराने तुटणार कसं?

तुटलेल्या वस्तूची हीच तर सोय असते. दोन तुकडे दोन ठिकाणी लावले की मधलं अंतर कुणी मोजत नाही.

चासीवर, घरच्या फाउंडेशनच्या चार बोटं मागे, ग्रीसचा जाड थर होता. तिथे ग्रीसचं काही काम नव्हतं. फडक्याने पुसलं. खाली रंगावर गोल वण उमटला होता, रबरी बैठकीचा, किटच्या फाउंडेशनला असते तशी. घरच्या फाउंडेशनची बैठक चौकोनी. आणि त्या गोल वणाच्या मधोमध बारीक बोल्टाचं भोक, कडेने ओरबाडलेलं.

मी किटवाल्याला फोन लावला. "पेटी प्रदर्शनाला नाही गेली. बहिणीच्या नवऱ्याला विकलीत."

तिकडे खुर्ची करकरली. मग तो पडक्या आवाजात म्हणाला, "विकली. बसवून द्यायची नाही, नुसती पेटी द्या म्हणाला. स्वतः बसवणार म्हणाला. मॅडम, मी त्याला दोनदा सांगितलं होतं, किटचे बोल्ट जाड आहेत, भोकं तेवढीच मोठी पाडावी लागतील. त्याच्याकडे तेवढं ड्रिल होतं की नव्हतं, देव जाणे."

नव्हतंच. भोकच सांगत होतं. त्याने किटचं फाउंडेशन बसवलं, पण बोल्ट वापरले दादाचे जुने, बारीक. किटच्या मोठ्या भोकात बारीक बोल्ट, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला खडखड. साखळी तर काढूनच टाकलेली, कारण नव्या जागी ती पुरत नव्हती. शेवटी बोल्ट कापले गेले. ना घरचं काम चुकलं होतं, ना पेटीतलं. अर्धं हे आणि अर्धं ते एकत्र केलं होतं, आणि मधल्या जागेत एका बाईची मांडी सापडली.

मग नवऱ्याने मेव्हण्यावर ढकलायला जुनं फाउंडेशन तोडून परत लावलं? मी तशी समाधानाने उठलेही. आणि उठता उठता मला दार उघडणारं ते कोपर आठवलं.

५

प्लास्टरमधल्या हातांनी पाना धरता येत नाही. नवरा हॉस्पिटलातून बाहेर पडला तेव्हा जीप या शेडमध्ये आलेली होती. किटवाला इथे कधी फिरकला नव्हता. दरीतून जीप वर ओढून काढणारा, शेडची किल्ली बाळगणारा, व्हाइसमध्ये लोखंड धरून घणाने तोडू शकणारा माणूस एकच होता.

तो दारात उभा होता. माझ्या हातातला चामड्याचा झगा त्याने पाहिला.

"ठेवा तो होता तिथे," तो म्हणाला.

"किटचं फाउंडेशन कुठेय?"

त्याची नजर भंगाराच्या पिंपाकडे गेली. मी तिकडे निघाले, तसा तो आडवा आला. क्षणभर मला खरंच भीती वाटली. माझ्या दुप्पट माणूस, हातात लोखंडी सळई, आणि शेडमध्ये आम्ही दोघंच. मग त्याने सळई खाली ठेवली, पिंपाच्या तळातून गोणपाटात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्यासमोर बाकावर आदळली. लाल रंगाचं, अखंड, कुठेही न तुटलेलं फाउंडेशन. त्याच्या मोठ्या भोकांत कापल्या गेलेल्या बारीक बोल्टांचे तुकडे.

"तुमचं जुनं फाउंडेशन तुमच्याकडे आलं कसं?"

"गाडीच्याच मागच्या पेटीत होतं. साखळीसकट. टाकून द्यायचा धीर झाला नसेल त्याला." तो बाकावर बसला. "दोराने दरीत उतरलो तेव्हाच कळलं. माझं इंजिन माझ्या जागी नाही, हे मला लांबूनच दिसलं."

"आणि तुम्ही सगळं स्वतःवर ओढून घेतलंत. का?"

"तिला महिनोन्महिने उठता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उठवायला, बसवायला, कूस बदलायला माणूस लागणार. तो कोण असणार? मी?" त्याने मान हलवली. "मॅडम, भावाशी अबोला धरून बाई जगू शकते. वर्षं काढतात लोक. पण ज्याच्या हातांनी उठायचं, त्याच्याशीच अबोला धरला तर ती पलंगावर एकटी पडेल. तिला कुणावर तरी रागावायचं होतं. म्हटलं, माझ्यावर रागाव."

"तिच्या नवऱ्याला माहीत आहे?"

"मी बोललो नाही. तो बोलला नाही. पण माझं फाउंडेशन तुटलेलं सापडलं म्हटल्यावर कळलंच असणार त्याला."

म्हणजे नवरा मूग गिळून बसला होता. मला त्याचा असा संताप आला की बाकावरचा पाना उचलून त्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी हाडावर आजमावावा. आणि त्याच वेळी समोरच्या या दांडग्या माणसाचाही राग आला. बहिणीसाठी स्वतःचा बळी द्यायला निघाला, पण एकदा तिला विचारायचं मात्र सुचलं नाही.

"मी खोटा अहवाल लिहीत नाही," मी म्हणाले.

"मग ती उभी कशी राहील?"

झगा मी पिशवीत टाकला. याचं उत्तर ज्याच्याकडे असू शकत होतं त्या माणसाकडे मी निघाले.

६

झगा मी बहिणीच्या पांघरुणावर ठेवला.

तिने तो उलटला, कडेवरून अंगठा फिरवला, एकेक टाका पाहिला. नवरा दारात थिजून उभा होता.

"फाटलेला नाही," ती म्हणाली. "जीपमध्ये सापडला?"

"सीटखाली."

"फाटला नाही, तर काढला का?" हे तिने मला विचारलं नव्हतं. "बसेना म्हणून. म्हणजे भोक हललं. भोक कधी हलतं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "इंजिन कुणी हलवलं रे?"

नवरा जमिनीवर बसला. प्लास्टरचे दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याने सगळं सांगितलं. क्लबातली चेष्टा, पेटी, मित्राच्या गोडाऊनमध्ये घालवलेल्या दुपारी, जाड बोल्ट, नसलेलं ड्रिल. "एक तरी काम माझ्या हातचं असावं असं वाटलं गं. सगळं दादाचंच. आणि मग... मग तू हॉस्पिटलात दादाला ओरडत होतीस, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही."

"दादाचं फाउंडेशन तुटलं कसं मग?" तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी तोंड उघडायच्या आत तिला ते कळलं. तिने चामड्याचा झगा तोंडावर दाबला आणि हुंदक्यांनी तिचा पलंग हलायला लागला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याने का केलं असं?"

मी भावाचे शब्द होते तसे सांगितले. ज्याच्या हातांनी उठायचं, त्याच्याशी अबोला कसा धरणार.

तिने वर टांगलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हातांकडे. मग उशाचा फोन उचलून नंबर लावला.

"दादा, मी बोलतेय. नाही, तू काही बोलू नकोस, आधी ऐक. ती साखळी आहे ना तुझ्याकडे, जीपची? घेऊन ये. आणि छतातला हुक नीट बघून दे, तुझ्या पद्धतीने. मला उठून बसायचंय." ती थांबली, नाक ओढलं. "कुणाच्या हातांनी नाही रे. माझ्या हातांनी. मग मी ठरवीन कुणावर रागवायचं ते. यादी मोठी आहे, तू पण आहेस तिच्यात."

फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "तू तिथेच बस. प्लास्टर सुटलं की पहिला चहा तू करायचास, आणि मग आपण बोलू."

भाऊ आला तेव्हा मी दारापाशी चपला घालत होते. त्याच्या खांद्यावर साखळी होती, एका टोकाला जीपचाच हिरवा रंग लागलेला. उंबरठ्यावर तो अडखळला, आत येऊ की नको अशा थाटात.

"ये की," आतून बहीण ओरडली. "तुझ्यासाठी कुणी दार धरून ठेवायचं का आता?"

स्टुलावर चढून त्याने हुक तपासला, दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिला, मग साखळी अडकवली. शेवटच्या कडीला बहिणीने चामड्याचा तो झगा स्वतः गुंडाळून टाके मारले, हाताला लोखंड टोचू नये म्हणून. मग तिने साखळी धरली आणि दात आवळून स्वतःला वर ओढलं. दोघंही पुरुष पुढे सरसावले, तशी तिने नुसती मान हलवली.

ती उठून बसली. साखळी एक बोटभरही सरकली नाही.